डाकोटाच्या पंखाखालचं उलटं वर्तुळ

गेली कित्येक वर्षं मी एक गोष्ट सांगत आलो आहे. गोष्ट गमतीची आहे आणि मला ती चांगली सांगता येते. देश प्रजासत्ताक झाला त्या जानेवारीत आमच्या हवाई दलाच्या विमानांवर नवी तिरंगी वर्तुळं रंगवायची होती, आणि आमच्या तळावरच्या एका पेंटरनं एका डाकोटाच्या पंखाखाली रंगांचा क्रमच उलटा करून ठेवला. केशरी बाहेर हवा होता तिथे हिरवा, हिरवा आत हवा होता तिथे केशरी. आणि तसंच ते विमान संचलनात उडालं. एवढं सांगून मी थांबतो, लोक हसतात, मग मी पाणी पितो.

या गोष्टीत मी नेहमी बाजूला उभा असतो. सगळं बघणारा, सगळं कळणारा सतरा वर्षांचा मुलगा. ते खोटं आहे. चूक माझी होती. मी आता ब्याण्णव वर्षांचा आहे, आणि ज्याच्या नावावर मी ती चूक सांगत फिरलो तो माझ्यापासून मोटारीनं पाच तासांवर राहतो, हे मला या वर्षी कळलं.

कसं कळलं ते आधी सांगतो. माझी मुलगी सौदी अरेबियात, हफ्र अल बातिनच्या सरकारी इस्पितळात डॉक्टर आहे. बायको गेल्यापासून मी वर्षातले काही महिने तिच्याकडे असतो. सव्वीस जानेवारीच्या जवळच्या शुक्रवारी इकडच्या मराठी कुटुंबांचं संमेलन असतं, खोबर शहरातल्या एका कंपाउंडच्या, म्हणजे बंदिस्त वसाहतीच्या, हॉलमध्ये. मुलं देशभक्तीची गाणी म्हणतात, बायका नऊवारी नेसून येतात, आणि शेवटी हवाई दलातले आजोबा म्हणून मला माईक देतात. यंदाही मी गोष्ट सांगितली. यंदाही सगळे हसले.

जेवणाच्या रांगेत एक तिशीची बाई हातात ताट घेऊन माझ्याजवळ आली. ती अबकैकला इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते, माहेर रत्नागिरीकडचं, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, "आजोबा, ते पेंटर काका वर्तुळ काढताना जीभ दातात धरायचे का?"

मी हो म्हणालो. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"मग ते माझे नाना," ती म्हणाली. "आईचे वडील. आमच्याकडेच आहेत सध्या. मक्केला उमऱ्याला आले होते, मीच ठेवून घेतलं. ते स्वतः कधी बोलत नाहीत त्यावर. आजी सांगायची, नानांनी रंग उलटा लावला म्हणून त्यांचं पुढचं सगळं राहिलं."

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला आनंद झाला होता. नानांचा कुणी दोस्त जिवंत आहे हेच तिला पुरेसं होतं. तिनं माझा फोन नंबर घेतला, माझ्या ताटात आणखी एक जिलबी ठेवली आणि पुढच्याच आठवड्यात यायचं म्हणून बजावलं.

आता खरं काय झालं ते.

मी तळावर दाखल झालो तेव्हा फाळणीला फार दिवस झाले नव्हते. अर्धी विमानं, अर्धी अवजारं आणि अर्धी माणसं सरहद्दीपलीकडे गेली होती. पान्ह्यांच्या पेटीत सहा नंबर असायचा, सात नसायचा, कारण सात वाटणीत तिकडे गेला होता. गोरे अधिकारी एकेक करून घरी चालले होते आणि त्यांच्या खुर्च्यांवर कालपर्यंत त्यांच्या हाताखाली असलेली आपली माणसं बसत होती. कुणालाच सगळं येत नव्हतं. त्यामुळे तिथे एक विलक्षण मजा होती. सगळ्यांनी मिळून एक नवं घर लावायला घेतलं आहे आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची हे भांडून ठरतं आहे, तशी.

मी पेंटरचा उमेदवार होतो. माझा जोडीदार माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, रत्नागिरीकडच्या खाडीवरचा. त्याचे वडील मचवे बांधायचे आणि हा लहानपणापासून मचव्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नावं आणि नक्षी रंगवायचा. फाळणीच्या वेळी प्रत्येक मुसलमान जवानाला विचारलं होतं, कुठे जाणार. यानं सांगितलं, माझी आई खाडीवर आहे, कराचीत माझं काय आहे. विषय संपला. त्याचा हात असा स्थिर की खिळा, सुतळी आणि खडू घेऊन तो उलटा झोपून पंखाखाली वर्तुळ काढायचा आणि मोजायला गेलं तर केसाचा फरक सापडायचा नाही. इंजिनाचंही त्याला वेड होतं. सुट्टीच्या दिवशी फिटर लोकांच्या मागे मागे फिरायचा. इंजिन फिटरच्या प्रशिक्षणाच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं.

त्या डिसेंबरात हुकूम आला की सव्वीस जानेवारीपासून आपलं दल 'रॉयल' राहणार नाही. आम्ही दोघं तीन आठवडे फक्त 'रॉयल'चं इंग्रजी 'आर' हे एक अक्षर पुसत होतो. शिड्यांवरचं, आगीच्या बादल्यांवरचं, खुर्च्यांच्या पाठीवरचं. स्वयंपाकघरातल्या डेगीवरही ते निघालं तेव्हा माझा जोडीदार आचाऱ्याला म्हणाला, "उद्यापासून तुझी डाळ राजाची नाही, आमची. जरा मीठ घाल." आचारी पळीच घेऊन मागे लागला होता.

मग विमानांची पाळी. पंखांवरचं निळं अशोकचक्र काढायचं आणि तिरंगी वर्तुळ घालायचं. हुकमाचा कागद दोघांत एकच, तो मी ठेवून घेतला होता, कारण मी मॅट्रिक झालेला. त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं: बाहेरून आत, केशरी, पांढरा, हिरवा. सकाळी वाचून मी तो खिशात घातला.

आमच्या वाट्याला एका डाकोटाचा डावा पंख आला. उजव्या पंखाखाली दुसरी जोडी, मधे अख्खं विमान. जोडीदार फळीवर उताणा, मी खाली डबे घेऊन. शेजारच्या हँगरमध्ये बँडवाले नव्या राष्ट्रगीताची तालीम करत होते. एक बिगुलवाला दर वेळी एकाच ठिकाणी घसरायचा आणि बँडमास्टर त्याला पंजाबीत शिव्या घालायचा. मी हँगरच्या दाराकडे तोंड करून हसत बसलो होतो.

वरून आवाज आला, "बाहेर कोणता रे?"

कागद माझ्या खिशात होता. हात घालायचा एवढंच काम. सकाळी वाचलेल्या ओळीतला शेवटचा शब्द तेवढा डोक्यात होता. मी म्हणालो, "हिरवा."

थोड्या वेळानं तो म्हणाला की बाहेरच्या पट्टीला हिरवा पुरणार नाही, केशरी मात्र उरेल असं दिसतंय, स्टोअरवाल्यांनी डबे उलटे दिले वाटतं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी पळत जाऊन हिरव्याचा आणखी एक डबा आणला.

दुसऱ्या दिवशी संचलनाच्या तासभर आधी वॉरंट ऑफिसर पंखाखालून जाताना वर बघून थांबले. मग उजव्या पंखाखाली गेले. परत डाव्याखाली आले. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. खरवडलं तर पत्रा दिसणार, नवा रंग वाळणार नाही, आणि डाकोटा एकच चालू स्थितीत. ते एवढंच म्हणाले की उडू दे.

ते उडालं. गावातली शाळेची मुलं, शेतकरी, बायका, सगळे मैदानाच्या कडेला उभे होते. व्यासपीठावर मोठे अधिकारी सलामी देत होते. आणि डाकोटा त्या सगळ्यांच्या डोक्यावरून घरघरत गेला, एका पंखाखाली सुलटं वर्तुळ आणि दुसऱ्या पंखाखाली उलटं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. टाळ्या पडल्या. आम्ही दोघं हँगरच्या मागे गवतात पडून पोट धरून हसत होतो. त्याला श्वास घेता येत नव्हता. तो म्हणाला, "अरे, सगळ्यांत गोल तेच आहे." हे खरंही होतं. माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दिवसांत मी तो दिवस धरतो, आणि म्हणून पुढचं सांगायला मला जड जातं.

सोमवारी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. कुणी रंगवलं? जोडीदार म्हणाला, मी. हुकूम कुणी वाचला? तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. मी उमेदवार होतो, दोन महिन्यांत कायम होणार होतो. मागून एक कॉर्पोरल हळूच हिंदीत म्हणाला की या लोकांना आधी हिरवंच सुचणार, दुसरं काय. चार-पाच जण हसले.

मीही हसलो.

जोडीदारानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्याचं नाव इंजिन फिटरच्या यादीतून निघालं. दोन महिन्यांनी त्याची बदली झाली, आणि त्यानंतर आमची गाठ पडली नाही. मी चढत चढत वॉरंट ऑफिसर झालो, पेन्शन घेऊन बाहेर पडलो, आणि गोष्ट सांगायला लागलो.

अबकैकला निघालो तेव्हा मुलगी गाडी चालवत होती. ती सत्तावन्न वर्षांची आहे आणि इथे बायकांना परवाना मिळायला लागला तेव्हापासून ज्या वेगानं चालवते तो वेग मी विमानातही फारसा पाहिलेला नाही. मी तिला हळू चालव म्हणालो की ती म्हणते, "बाबा, तुम्ही हवाई दलातले ना?" दोन्हीकडे वाळू, मधूनच उंटांच्या सूचनेची पाटी. एका पेट्रोल पंपावर कडक चहा घेतला आणि पुन्हा गाडीत बसल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं.

गाडीचा वेग कमी झाला. 

"मी सातवीत यावर निबंध लिहिला होता," ती म्हणाली.

मी म्हणालो, आठवतं.

"बक्षीस मिळालं होतं मला. कंपासपेटी."

"हो."

"बाबा, तुम्ही मला ती हातात घेऊन शाबासकी दिलीत."

 मग तीच म्हणाली की आता तिकडे पोचल्यावर कच खाल्लीत तर मी तुम्हाला तिथेच सोडून येईन, त्यांच्याकडे एक म्हातारा आहेच, दोन सांभाळतील. मग ती पुन्हा जोरात चालवायला लागली. मला हलकं वाटलं.

जोडीदार पडवीत खुर्चीवर बसला होता. वाळलेला, कान मोठे झालेले, एका कानात यंत्र. मी गाडीतून उतरून काठी टेकत त्याच्यापर्यंत पोचेतो तो मला आपादमस्तक बघत होता.

"केस गेले की तुझे," तो म्हणाला.

"तुझे दात गेले," मी म्हणालो.

"दात गेले नाहीत. आत आहेत, वाटीत. तुझ्यासारख्यासाठी कोण लावून बसतो?"

आणि त्यानं माझा हात धरला तो जेवणाला बसेपर्यंत सोडला नाही. नातीनं हमूर माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. नातजावई इथल्याच तेलाच्या प्लँटमध्ये इंजिनीअर आहे. त्यानं सांगितलं की नानांनी हवाई दल सोडल्यावर खाडीवर काही वर्षं काढली आणि मग इथे येऊन तेलाच्या टाक्या रंगवल्या. दोन-तीन मजल्यांएवढ्या टाक्यांवर माणसापेक्षा उंच आकडे. "एकही वाकडा नाही," माझा जुना मित्र म्हणाला आणि माझ्याकडे बघून भाकरी मोडली. आठ-दहा वर्षांची दोन पणतवंडं होती, त्यांना मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देतात. त्यांनी विचारलं की तुम्ही दोघांनी खरंच विमान रंगवलं का, आणि मग तुम्हाला ते चालवायला का दिलं नाही. मित्र म्हणाला, "याला दिलं असतं तर यानं शेपटाकडून उडवलं असतं."

सगळे हसले, आणि मला वाटलं हीच वेळ आहे. मी नातीला म्हणालो की तुझ्या आजीनं तुला सांगितलं ते बरोबर नव्हतं, आणि मी हॉलमध्ये सांगितलं ते तर अजिबातच नव्हतं. मग मी कागद, खिसा, बँड, हिरव्याचा जादा डबा, रांग, माझं गप्प राहणं, सगळं सांगितलं. नात आजोबांकडे बघत होती, आजोबा ताटाकडे. नातजावयानं मुलांना पाणी आणायला पाठवलं.

मी थांबलो. माझ्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"आणखी एक राहिलं," मित्र म्हणाला.

ते मला ठाऊक होतं. कॉर्पोरलचं वाक्य मी आधी मोठ्यानं म्हटलं, कारण त्या घरात ते वाक्य न म्हणता पुढचं सांगणं लबाडीचं झालं असतं. मग म्हणालो, "आणि मी हसलो."

  नातीनं डोळे खाली केले.

"मला वाटलं हे नाही सांगणार तू," मित्र म्हणाला. "विमानाचं काय, रंगाचं काय. कुणीही चुकतो. यादीतून नाव गेलं तेही मी गिळलं. पण तू हसलास ते मात्र मला झोपेतही दिसायचं रे. किती वर्षं."

मी म्हणालो, मलाही.

"तुला दिसायचं आणि तरी हॉलात गोष्ट सांगायचास?"

"हो."

त्यानं ताटातला काटा बाजूला काढला. मग वर बघितलं तेव्हा त्याच्या तोंडावर तेच जुनं खोडकर काहीतरी होतं. "आता माझं ऐक," तो म्हणाला. "मी तुझं नाव का सांगितलं नाही, ठाऊक आहे? तुला वाचवायला?"

मी इतकी वर्षं तसंच समजत होतो.

"हट मेल्या. भरतीच्या वेळी मी सांगितलं होतं, इंग्रजी वाचता येतं. एक अक्षर येत नव्हतं. यानं वाचलं म्हणालो असतो तर साहेब विचारणार, तू का नाही वाचलंस? मग गेली नोकरी. मी माझ्यासाठी गप्प बसलो."

नात म्हणाली, "नाना!"

"काय नाना? पुढे शिकलो की. टाक्यांवर काय अरबीत लिहीत होतो? ते पण शिकलो म्हणा." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "यानं तू सुटत नाहीस हां. माझं खोटं माझ्याकडे, तुझं हसणं तुझ्याकडे."

मी ते मान्य केलं. मग तो हसायला लागला, आधी नाकातून, मग सगळ्या अंगानं, आणि त्याला गवतात पडून हसताना पाहिलं होतं तसाच त्याचा श्वास अडकायला लागला. माझी मुलगी डॉक्टरच्या घाईनं उठली. त्यानं तिला हातानं बसवलं. "पोरी, पंचाहत्तर वर्षं लागली याला पाच तासांच्या रस्त्याला. डाकोटा ढकलत आणला असता तरी लवकर पोचला असता." तेव्हा मलाही हसू आवरलं नाही, आणि या वेळी हसायला त्याची परवानगी होती.

आम्ही दोन दिवस तिथे राहिलो. पणतवंडांनी आमच्याकडून पडवीच्या फरशीवर खडूनं सात-आठ वर्तुळं काढून घेतली. माझी सगळी लंबगोल आली, त्याची दोन तेवढी. पुढच्या जानेवारीत माईक त्याच्याकडे द्यायचा आणि मी शेजारी गप्प बसायचं, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. मित्राच्या व्हिसाची मुदत वाढवण्याच्या खटपटीला नातजावई लगेच लागला. निघताना मित्र म्हणाला की तोंडी सांगण्यावर माझा भरवसा नाही, तोंडी तू फिरवतोस. लिहून काढ. हसलास तेही लिही.

म्हणून हे लिहिलं. परवा त्याच्या नातीनं ते तिकडे त्याला वाचून दाखवलं, आणि मी इकडे फोनला कान लावून बसलो होतो. त्यानं दोन दुरुस्त्या सांगितल्या आहेत. पहिली, डिसेंबरातला आचारी पळी घेऊन मागे लागला नव्हता, झारा घेऊन लागला होता. दुसरी दुरुस्ती अशी, की रांगेतले बाकीचे हसले किंवा गप्प राहिले, पण सगळेच नाहीत. एक वयस्क शीख मेकॅनिक होता. त्यानं मागे वळून कॉर्पोरलला सांगितलं होतं की तोंड सांभाळ, आणि संध्याकाळी तो जोडीदाराच्या खाटेवर येऊन बसला होता, त्याला स्वतःच्या डब्यातला पिन्नीचा लाडू देऊन. मित्र म्हणाला, माझं राहू दे, पण त्याचं लिही. मला तो मेकॅनिक आठवत नाही. वाक्य ऐकल्याचंही आठवत नाही. मी त्या वेळी हसत होतो. म्हणून हे मित्राच्या सांगण्यावरून लिहितो आहे.

एवढं झाल्यावर त्यानं नातीला संचलनाचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. तिनं वॉरंट ऑफिसरांच्या टोपीपासून सुरुवात केली. विमान अजून धावपट्टीवरच होतं, आणि फोनवर पलीकडे हसून हसून त्याचा श्वास अडकायला लागला होता.